आधी काठ, मग काच: डोळ्याच्या मूलपेशींचे एक प्रकरण

मूलपेशींविषयी बोलताना लोक बहुधा उद्याविषयी बोलतात. नवे हृदय, नवा मज्जारज्जू, वगैरे. पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, विभागात मात्र प्रौढ मूलपेशी, म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीरातही नव्या पेशी पुरवत राहणाऱ्या पेशी, हे रोजचे काम आहे. तिथे यश की अपयश हे बऱ्याचदा किरकोळ वाटणाऱ्या निर्णयांवर ठरते. हे प्रकरण त्या निर्णयांसाठी लिहिले आहे. रुग्णाची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण 36 वर्षांचा, गिलावा करणारा गवंडी. छताला चुना-सिमेंटचा माल लावताना थापीवरचा गोळा सुटला आणि थेट उजव्या डोळ्यात पडला. डाव्या डोळ्यात थोडे शिंतोडे उडाले. सोबतच्यांनी दोन-तीन मिनिटे पाणी मारले आणि त्याला रुग्णालयात नेले. पोचायला पाऊण तास गेला.

आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या थरातली प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थरच मागून येणाऱ्या आम्लाला बऱ्याच अंशी अडवतो. चुना अल्कली आहे. अल्कली पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण करते आणि वाट मोकळी करत आत शिरते. त्यात चुन्याचे घट्ट कण वरच्या पापणीच्या आतल्या खोबणीत अडकून बसतात. वरवर धुतलेला डोळा मग आतून भाजतच राहतो.

इथेही तेच झाले. रुग्णालयात सलाइनने वीस मिनिटे डोळा धुतला गेला. वरची पापणी एकदा उलटली, पण दुहेरी उलटून खोबण पाहिली नाही. धुऊन झाल्यावर लिटमस कागद लावून पाहिल्याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी पापणी नीट उलटली तेव्हा चुन्याचे दोन कण निघाले. मधली अख्खी रात्र ते तिथेच होते.

त्या दिवशीच्या केसपेपरवर दोन ओळी आहेत. ‘उजवा डोळा: लिंबसचे 9 तास पांढरे.’ ‘डावा डोळा: सामान्य.’ पहिल्या ओळीचा अर्थ असा की, पारपटलाभोवतीचे कडे घड्याळाच्या तबकडीसारखे बारा भागांत मोजले तर नऊ भागांतल्या रक्तवाहिन्या जळून रिकाम्या झाल्या होत्या. दुसऱ्या ओळीकडे पुढे यावे लागेल.

सुरुवातीचे उपचार रीतसर झाले. स्टेरॉइडचे थेंब, जीवनसत्त्व क, डॉक्सिसायक्लीन, आणि सहाव्या दिवशी वारेच्या आतल्या पातळ पापुद्र्याचे आच्छादन. या पापुद्र्याला अॅम्निऑटिक मेम्ब्रेन म्हणतात. दोन महिन्यांनी पारपटलावरची जखम भरली. ती कोणत्या पेशींनी भरली, हे मात्र कोणी पाहिले नाही.

काठावर काय असते

पारपटल, म्हणजे कॉर्निया, हा डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग. त्याचा वरचा पेशीथर सतत झिजतो आणि साधारण 7 ते 10 दिवसांत सगळा नवा होतो. नव्या पेशी येतात कुठून, याचे उत्तर फार जुने नाही. 1971 मध्ये डॅव्हॅन्गर आणि एव्हन्सेन यांनी बोट काठाकडे दाखवले: पारदर्शक भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात ते अरुंद कडे, लिंबस. 1986 मध्ये शर्मर, गॅल्व्हिन आणि सन यांनी केरॅटिन प्रथिनांच्या अभ्यासातून दाखवले की पारपटलाच्या मूलपेशी खरोखर तिथेच असतात. या पेशी आयुष्यभर एकच काम करतात, पारपटलाचा वरचा थर बनवण्याचे. त्यांना हृदय किंवा मेंदू बनवता येत नाही. माझ्या मते हीच त्यांची ताकद आहे.

काठ जळला की या पेशी जातात. मग पांढऱ्या भागावरचे श्लेष्मल आवरण रक्तवाहिन्यांसकट पारपटलावर सरकते. जखम झाकली जाते, पण गढूळ, लालसर, खडबडीत पडद्याने.

पहिले प्रत्यारोपण

अपघातानंतर नवव्या महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी त्याचे पारपटल प्रत्यारोपण झाले. घरचे म्हणत, ‘डोळा बदलला’. सहा आठवडे त्याला छान दिसले. बायकोचा चेहरा दिसला, हे तो आजही सांगतो. मग डोळा लाल झाला, नव्या पारपटलावरची जखम भरेना, रक्तवाहिन्या आत आल्या आणि पाचव्या महिन्यापर्यंत ते पांढरे पडले.

याचे कारण समजायला सोपे आहे. दात्याच्या डोळ्यातून पारपटलाची मधली चकती घेतात. काठ तिच्यासोबत येत नाही. चकतीवर दात्याचा जो पेशीथर असतो तो उधारीचा, काही आठवड्यांचा. तो झिजला की रुग्णाच्या काठाने नवा पुरवायचा असतो, आणि या रुग्णाचा काठच जळाला होता.

घरच्यांना मात्र सांगितले गेले की ‘शरीराने डोळा नाकारला’. हे पुरते खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. या अर्ध्या वाक्याची किंमत पुढे मोजावी लागली.

आमच्याकडे आला तेव्हा

अपघाताला सोळा महिने झाले होते. उजव्या डोळ्याला हाताची हालचाल तेवढी कळत होती. उजेड कोणत्या दिशेने येतो हे चारही बाजूंनी बरोबर सांगत होता, म्हणजे दृष्टिपटलाकडून, डोळ्याच्या मागच्या उजेड टिपणाऱ्या पडद्याकडून, आशा होती. पारपटलावर रक्तवाहिन्यांनी भरलेला जाड पडदा होता आणि खालची पापणी नाकाकडच्या बाजूला डोळ्याला चिकटली होती. पृष्ठभागावर गाळणकागद टेकवून पेशी उचलल्या तर त्यात श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी निघाल्या. पारपटलावर त्यांचे काहीच काम नसते. काठाच्या मूलपेशी संपल्याचा तो पुरावा होता.

डोळ्याचा दाब 31 मिलिमीटर (पाऱ्याचा) होता. सामान्य दाब 21 पर्यंत असतो.

डाव्या डोळ्याची दृष्टी 6/6, म्हणजे पूर्ण. तरीही पिवळा फ्लुरेसिन रंग टाकून पाच मिनिटे थांबलो, कारण पेशी याच डोळ्यातून घ्याव्या लागणार होत्या. खाली, 5 ते 7 या तासांत, रंग पेशींमध्ये झिरपला; निरोगी थरात तो झिरपत नाही. त्या दिवशीचे शिंतोडे तिथे पडले असणार. म्हणजे ‘सामान्य’ लिहिलेल्या डोळ्याचा काठही बारापैकी दोन तास अशक्त होता.

पहिला निर्णय, आणि आमची चूक

सोबत धाकटा भाऊ होता. त्याने मोबाइलवर एका केंद्राची माहिती दाखवली. पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढायच्या, त्या सलाइनमधून शिरेत द्यायच्या आणि पुढे डोळ्यामागे इंजेक्शन. सहा बैठका. तो म्हणाला, “डॉक्टर, परक्याचा डोळा शरीराने नाकारला ना? मग दादाच्याच पेशी दादाला घातल्या तर?”

आज विचार करताना वाटते, तर्क अगदी बरोबर होता. आम्ही शेवटी जे केले तेही हेच: त्याच्याच पेशी त्यालाच. चुकत होती ती फक्त पेशींची निवड. पण बाहेर रांग होती आणि आमच्यातल्या एकाने सांगून टाकले, “ते सगळं थोतांड आहे, नादी लागू नका.” संभाषण दोन मिनिटांत संपले. दाबाचे थेंब लिहून दिले आणि दोन आठवड्यांनी बोलावले.

ते आले सात आठवड्यांनी, डोळा ठणकतो म्हणून. दाब 38. चौकशी केल्यावर बायकोने सांगितले की दोन बैठका झाल्या आहेत. नशिबाने दोन्ही शिरेतून, डोळ्याजवळ सुई गेली नव्हती. ‘पेशींना काम करू द्या’ म्हणून तिथे बाकीची सगळी औषधे बंद करायला सांगितले होते. दाबाचे थेंबही त्यात बंद झाले. त्या पेशींनी डोळ्याचे काही बिघडवले असे आम्हाला दिसले नाही. बिघडवले ते सात आठवडे वाढलेल्या दाबाने. काचबिंदूने दृष्टीची नस एकदा मारली की ती परत येत नाही. त्याच्या आजच्या दृष्टीत जी उणीव आहे तिचा काही भाग या सात आठवड्यांचा आहे.

दुसऱ्यांदा आम्ही तिघांना बसवून अर्धा तास बोललो. चरबीतल्या आणि अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल नावाच्या पेशी खोट्या नाहीत, हे आधी सांगितले. त्या दाह कमी करणारे पदार्थ स्रवतात. अस्थिमज्जेतल्या अशा पेशींपासून बनवलेल्या एका औषधाला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे, तीही एका नेमक्या आजारासाठी: अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी लहान मुलाच्या शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडला दाद देत नाहीत तेव्हा. क्रोन या आतड्यांच्या दाहाच्या आजारातल्या गुदद्वाराजवळच्या भगेंद्रासाठी चरबीतल्या पेशींचे एक औषध युरोपात 2018 मध्ये मंजूर झाले होते. नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून 2024 मध्ये ते मागे घेतले गेले. म्हणजे गंभीरपणे तपासलेल्या जागीसुद्धा या पेशी कधी उपयोगी पडतात, कधी नाही. पारपटलाचा थर मात्र त्या बनवत नाहीत.

डोळ्यातल्या इंजेक्शनविषयी फ्लोरिडातली घटना सांगितली. वयोमानाने दृष्टिपटल झिजलेल्या तीन वृद्ध स्त्रियांना एका खासगी केंद्रात त्यांच्याच चरबीतल्या ‘मूलपेशी’ दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी टोचल्या गेल्या. दृष्टिपटले सुटली, रक्तस्राव झाला, तिघींची दृष्टी जवळपास गेली. 2017 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याचा वृत्तांत आला. स्वतःच्या पेशी आहेत, म्हणजे धोका नाही, हा समज त्या तीन प्रकरणांनी मोडला.

भावाने एकच विचारले: “मग याच्या कोणत्या पेशी चालतील?” आमच्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत नेमका प्रश्न होता.

आधी दाब

मूलपेशी लावण्याआधी दाब आटोक्यात हवा होता. थेंबांनी तो 24 पर्यंत उतरला, त्याखाली जाईना. शिवाय बरेचसे थेंब, विशेषतः त्यातले परिरक्षक, नाजूक पृष्ठभागाला त्रास देतात. कोवळ्या पेशी लावून त्यांच्यावर रोज तीन-तीन औषधांचा मारा करणे आम्हाला पटेना. म्हणून दाब उतरवणारी बारीक नळी बसवली आणि त्याच वेळी चिकटलेली पापणी सोडवली. रुग्ण वैतागला. “मी पेशींसाठी आलो, तुम्ही नळी बसवताय.” त्याचे म्हणणे समजत होते. पण तिथे आम्ही बधलो नाही, आणि पुढचे तीन महिने दाब 15-16 वर स्थिर राहिला.

पर्याय

पुन्हा नुसते पारपटल बदलणे हा पर्याय एका वाक्यात संपला: काठ नाही तोवर दुसरीही चकती तशीच जाणार.

भावाने स्वतःचा डोळा पुढे केला. “माझ्यातून घ्या.” जवळच्या नातेवाइकाच्या काठाचा तुकडा लावता येतो. पण लिंबस रक्तवाहिन्यांनी आणि प्रतिकारपेशींनी भरलेला असतो. तो परका असेल तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. दोन्ही डोळे जळालेल्यांना हा मार्ग धरावा लागतो. इथे रुग्णाकडे स्वतःचा साठा होता, थोडा कमी का असेना.

कृत्रिम पारपटल शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवले. त्याने काचबिंदू बळावू शकतो आणि याचा दाब आधीच नाठाळ होता.

उरले तीन मार्ग. तिन्हींत पेशी डाव्या डोळ्याच्याच, फरक फक्त किती आणि कशा घ्यायच्या याचा.

सर्वांत जुना केन्यन आणि त्सेंग यांनी 1989 मध्ये मांडलेला. चांगल्या डोळ्याच्या काठाचे मोठे तुकडे थेट जळालेल्या काठावर शिवायचे. परिणाम चांगला येतो, पण बारापैकी चार ते सहा तासांचा काठ द्यावा लागतो. डाव्या डोळ्याचे दोन तास आधीच अशक्त. त्यात आणखी पाच काढले तर राहिलेल्या डोळ्यालाही तोच आजार लावायची भीती होती. फ्लुरेसिन टाकून पाच मिनिटे थांबलो नसतो तर कदाचित हाच मार्ग धरला असता.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेतला. त्याची मुळे त्वचेत आहेत: 1975 मध्ये राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचापेशी बशीत वाढवून दाखवल्या, आणि पुढे भाजलेल्या रुग्णांवर तशी वाढवलेली त्वचा लावली गेली. 1997 मध्ये पेल्लेग्रिनी, डे लुका आणि सहकाऱ्यांनी तीच रीत डोळ्यावर आणली. काठाचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, पेशींचा पापुद्रा वाढवायचा आणि तो लावायचा. 2010 मध्ये याच गटाने 112 रुग्णांचे निष्कर्ष दिले. 76.6 टक्के रुग्णांत पारपटल टिकाऊपणे स्वच्छ झाले. त्यातला एक आकडा मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. वाढवलेल्या पेशींमध्ये पी63 हे प्रथिन ठळक दाखवणाऱ्या, म्हणजे खऱ्या मूलपेशी 3 टक्क्यांहून जास्त असतील तर यश 78 टक्के. 3 टक्के किंवा त्याहून कमी असतील तर 11 टक्के. बशी पेशींनी गच्च भरलेली दिसते, आणि तरी त्यात मूलपेशी पुरेशा नसतील तर काही महिन्यांत सगळे झिजून जाते. याच पद्धतीवर आधारलेल्या उपचाराला 2015 मध्ये युरोपीय संघात मान्यता मिळाली. मूलपेशींवर आधारलेला तो तिथला पहिला मंजूर उपचार.

अडचण एवढीच की अशी प्रयोगशाळा आमच्याकडे नव्हती. दुसरीकडे जायचे, दोन वेळा शस्त्रक्रिया, मध्ये पेशी वाढायची वाट पाहायची.

तिसरा मार्ग हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतला. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी तो 2012 मध्ये मांडला. डोक्यात आल्यावर ‘हे आधी कोणाला कसे सुचले नाही’ असे वाटावे इतका साधा. बशीत पेशी वाढवायच्या कशाला, डोळ्यालाच बशी करायची. काठाचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे आणि ते अॅम्निऑटिक मेम्ब्रेनवर मांडायचे. पेशी तिथेच पसरतात. प्रयोगशाळा नको, दुसरी शस्त्रक्रिया नको. 2016 मध्ये अशा 125 डोळ्यांचे दीर्घकालीन निष्कर्ष आले, यश 76 टक्के. प्रयोगशाळेच्या पद्धतीच्या जवळपास तेवढेच. आम्ही हा मार्ग निवडला.

एक गोष्ट मोकळेपणी सांगायला हवी. आमच्या आवारात प्रयोगशाळा असती तर कदाचित दुसरा मार्ग निवडला असता आणि त्यालाही तितकीच चांगली कारणे दिली असती.

शस्त्रक्रिया

अपघातानंतर विसावा महिना. आधी पारपटलावरचा पडदा सोलला. तो बहुतेक ठिकाणी साल निघावी तसा सुटला, पण नाकाकडे खाली, जिथे पापणी चिकटली होती तिथे, खालचे पारपटल पातळ लागले. आणखी खरवडले तर भोक पडेल, म्हणून तिथे व्रणाचा पातळ थर तसाच ठेवला.

मग अॅम्निऑटिक मेम्ब्रेन फायब्रिन ग्लूने, म्हणजे रक्तातल्या प्रथिनापासून केलेल्या डिंकाने, चिकटवली. डाव्या डोळ्यातून, वरच्या पापणीखालच्या सुरक्षित भागातून, 12 ते 1 या तासातला सुमारे 2 मिलिमीटरचा तुकडा घेतला. त्याचे अकरा बारीक तुकडे केले आणि ते कड्यासारखे मांडले. अगदी मध्यभाग मोकळा सोडला, कारण तिथे ठेवलेल्या तुकड्याची पुसट खूण नंतर नजरेच्या आड येऊ शकते. प्रत्येक तुकड्यावर ग्लूचा थेंब, वर संरक्षक काँटॅक्ट लेन्स.

पुढे काय झाले

चौथ्या दिवशी फ्लुरेसिन टाकून पाहिले तर प्रत्येक तुकड्याभोवती रंग न घेणारे लहानसे बेट दिसले. तुकडे मात्र दहाच होते, एक सुटून लेन्सला चिकटला होता. बेटे वाढत गेली, एकमेकांना भिडली आणि अकराव्या दिवशी पृष्ठभाग सलग झाला. आम्ही त्याला रोजचे फोटो दाखवत होतो. डाव्या डोळ्याची टोचणी आठवडाभरात थांबली.

सहाव्या आठवड्यात नाकाकडे खाली दोन रक्तवाहिन्या आत सरकू लागल्या. व्रण ठेवला होता नेमक्या त्याच जागी. पुन्हा उघडायचे की थांबायचे? पसारा दीड तासाच्या पट्टीपुरता होता आणि मध्यापासून लांब. आम्ही स्टेरॉइडचे थेंब वाढवून थांबलो. दाब पुन्हा 23 वर गेला, मग थेंब बदलून सौम्य दिले. वाहिन्या तिथेच थबकल्या. आजही आहेत, पण पुढे आलेल्या नाहीत.

चौथ्या महिन्यात मात्र कठीण बोलणे करावे लागले. डोळा पांढरा-लाल दिसायचा थांबला होता, आरशात तो बरा वाटत होता. दिसत मात्र 6/60 होते, म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसते ते याला 6 मीटरवरून. “डोळा सुधारला, नजर कुठं सुधारली?” मूलपेशींनी पृष्ठभाग दिला होता. त्याखालचे जुने प्रत्यारोपण पांढरेच होते, ते पेशींनी पारदर्शक होणार नव्हते. हे आम्ही शस्त्रक्रियेआधी सांगितले होते, संमतीपत्रावरही होते. पण सांगितलेले आणि पोचलेले यांत अंतर असते.

त्याला लगेच नवे पारपटल हवे होते. पेशी आणि पारपटल दोन्ही एकत्र किंवा घाईने लावले की नव्या चकतीच्या नशिबी नाकार जास्त येतो, आणि पृष्ठभाग स्थिर झाल्यावर वेगळ्या टप्प्यात लावले तर ती जास्त टिकते, हा या क्षेत्रातला अनुभव आहे. आम्ही तेरा महिने थांबलो. त्यात वर्षभर दर भेटीला तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

दुसऱ्या प्रत्यारोपणानंतर नव्या चकतीवरचा पेशीथर नऊ दिवसांत त्याच्या स्वतःच्या पेशींनी झाकला. पहिल्या वेळी नेमके इथेच सगळे फसले होते. सातव्या महिन्यात नाकाराचा एक झटका आला. डोळा लाल झाला, धूसर दिसू लागले, आणि या वेळी दुसऱ्याच दिवशी तो आला. तासातासाला स्टेरॉइडचे थेंब देऊन चकती वाचली.

आता दुसऱ्या प्रत्यारोपणाला वीस महिने झाले आहेत. कडक काँटॅक्ट लेन्स लावून दृष्टी 6/18. वरच्या बाजूचे दृष्टिक्षेत्र कमी आहे, ते काचबिंदूमुळे. तो कामावर परतला आहे. परांचीवर चढत नाही, जमिनीवरची आणि भिंतीची कामे घेतो, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय थापी उचलत नाही. मध्यंतरी भाऊ आईच्या गुडघ्यासाठी अशाच एका केंद्राची जाहिरात घेऊन आला. पण त्याआधी त्याने केंद्राला फोन करून विचारले होते की पेशी कोणत्या, आणि गुडघ्यात गेल्यावर त्या कूर्चा बनवतात याचा पुरावा काय. उत्तर म्हणून त्याला पुन्हा तीच जाहिरात पाठवली गेली.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या तासात पापणी दुहेरी उलटली असती आणि धुणे थांबवल्यावर काही मिनिटांनी लिटमस पुन्हा लावला असता, तर नऊऐवजी कदाचित पाच-सहा तासच जळाले असते. तेवढ्यावर पुष्कळांचा काठ स्वतः सावरतो. या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी संधी तीच होती.

दुसऱ्या महिन्यात, जखम भरली तेव्हा, पृष्ठभागावरच्या पेशी तपासल्या असत्या तर पहिले प्रत्यारोपण त्या क्रमाने झालेच नसते. एक दान मिळालेले पारपटल वाया गेले, हे फक्त रुग्णाचे नुकसान नव्हे.

शस्त्रक्रियेत व्रणाचा तो थर ठेवायला नको होता का? यावर आमच्यात अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, भोक पडले असते तर सगळेच गेले असते. दुसऱ्याचे म्हणणे, तिथे पारपटलाचे छोटे ठिगळ लावून पडदा पुरता काढता आला असता. ठिगळासाठी लागणारे ऊतक त्या दिवशी शीतपेटीत नव्हते. ते आधी मागवून ठेवायला हवे होते, एवढ्यावर मात्र दोघे सहमत आहेत.

आणि ती दोन मिनिटे. आता पहिल्याच भेटीत आम्ही स्वतःहून विचारतो की मूलपेशींविषयी काय ऐकले आहे, कुठे जायचा विचार आहे का. गेलात तरी रागावणार नाही, फक्त डोळ्याचे थेंब बंद करू नका आणि आम्हाला कळवा, असेही सांगतो. रांग लांबते.

डाव्या डोळ्याची तपासणी दरवर्षी होते. त्याच्या कागदावर ‘सामान्य’ असे आता लिहिले जात नाही. शेवटची नोंद अशी आहे: ‘12 ते 1 घेतलेला, भरलेला. 5 ते 7 अशक्त, वाढ नाही. उरलेले 9 तास शाबूत.’